ओळखल्यास मिळतील

आमच्या शेजारचे घेवरशेठ रोज सकाळी स्वतःच्याच दुकानाचं दार वाजवतात. कुलूप काढतात, पण शटर लगेच वर ढकलत नाहीत. आधी बोटाच्या पेरांनी टकटक करतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "आत कोण कोण हाय, सावरून बसा. शटर वर घेतोय." मग थांबतात. बायामाणसांनी डोक्यावरचा पदर सारखा करावा आणि बाप्यांनी पसरलेले पाय आवरून घ्यावेत, एवढा वेळ देतात. त्यानंतरच शटर वर जातं. आत माणूस म्हणाल तर एकही नसतं. नुसती भांडी असतात.

मी त्यांच्या शेजारची गिरणीवाली. आळ्याच्या पेठेत त्यांचं भांड्याचं दुकान आणि आमची पिठाची गिरणी एकमेकांना चिकटून आहेत, मधे एकच भिंत. सून म्हणून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ही टकटक ऐकली आणि सासूबाईंना विचारलं, हे गृहस्थ कुणाशी बोलतात म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "शेठचं ते तसंच हाय. तू पीठ बघ." तेव्हापासून मी पीठच बघतेय, पण एक कान भिंतीला असतो. आता माझेही केस पिकले, मालक जाऊन बरीच वर्षं झाली, आणि शेठ तर सत्तरी ओलांडून पुढं गेले.

शेठ मूळचे मारवाडातले, म्हणजे त्यांचे आजोबा. शेठना मारवाडाबद्दल विचाराल तर "एकदा लग्नाला गेल्तो, उन्हाळा लई व्हता," एवढंच सांगतील. बोलणं आमच्यापेक्षा गावठी. दिवस मावळायच्या आत जेवतात आणि कांद्याला हात लावत नाहीत. कांद्याच्या गावात राहून कांदा न खाणारा माणूस कसा दिसतो हे बघायला माझ्या माहेरचे पाहुणे मुद्दाम त्यांच्या दुकानात डोकावून जायचे. अंगात पांढरा सदरा, कानावर पेन्सिल, आणि कशाचाही विषय काढा, तोंडात एकच वाक्य: "नाव हाय, म्हंजे माणूस हाय."

त्याचं असं आहे. भांड्यावर नाव टाकायची आपली रीत. पोरीच्या लग्नात दिलेल्या हंड्यावर तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, गावाचं नाव. म्हातारं माणूस गेलं की तेराव्याला वाटायच्या तांब्यांवर "कै." लावून त्याचं नाव. आमच्याकडच्या कितीतरी बायाबापड्यांचं नाव जन्मात दुसरीकडं कुठं उमटलंच नाही, भांड्यावर तेवढं उमटलं. पुढं घरात लग्न निघालं की हीच जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालायची आणि नवं स्टील घ्यायचं. मोड भट्टीकडं पाठवताना गाडीत जागा कमी लागावी म्हणून दुकानदार हातोड्यानं भांडी चेपून सपाट करतात. तरुणपणी घेवरशेठ हेच करायचे. वडील गल्ल्यावर बसलेले आणि हे मागं हातोडा घेऊन ठोकत बसलेले.

मग एक दिवस त्यांनी हातोडा खाली ठेवला आणि परत उचलला नाही. नाव असलेलं एकही भांडं त्यानंतर भट्टीला गेलं नाही. वडिलांनी बोलून बघितलं, ओरडून बघितलं, शेवटी कपाळावर हात मारून गप्प बसले.

हातोडा का ठेवला यावर पेठेत पुष्कळ मतं आहेत. कुणी म्हणतं, चेपताना एक तांब्या "हळू, हळू" असं बोलला. कुणी म्हणतं, उसातून येताना बिबट्या मागं लागला, शेठ एका घंगाळाखाली लपले आणि तिथं त्यांनी शब्द दिला. आमच्या मालकांचं मत, शेठचा खांदा निखळला असणार आणि बाकी सगळी जाहिरात. शेठना विचारलं की ते पेन्सिल एका कानावरनं काढून दुसऱ्या कानावर ठेवायचे. त्यापलीकडं काही हाती लागायचं नाही.

पुढं स्टीलचे डबे आणि बादल्या विकून शेठ पोट भरतात आणि मागच्या खोलीत ही मंडळी ठेवतात. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या. मांडणी गावाप्रमाणं. ही आणे गावची, ही पिंपळवंडीची, ही आपल्या आळ्याची. दारावर पाटी आहे, शेठनं स्वतः रंगवलेली: "ही भांडी विकणे नाहीत. ओळखल्यास मिळतील." कुणी आजीचं, पणजीचं भांडं ओळखलं की शेठ ते पुसून, दोन्ही हातांनी देतात आणि एक पैसा घेत नाहीत. लोकांना वाटतं हा माणूस भांडी साठवतो. मला विचाराल तर त्यांना ती खोली रिकामी करायची घाई झालेली असते. "वैनी," ते मला म्हणायचे, "माझं डोळं मिटायच्या आत ही समदी आपापल्या घरी पोचली पायजेत. मी गेल्यावर ह्यांना भट्टीशिवाय कोण हाय?"

पाहुणा आला की शेठ त्याची ओळख करून देतात. भांड्यांशी, म्हणजे माणसांशी. "ह्या काशीबाई. तोंडानं फटकळ, पण मनात काय न्हाई. ह्ये त्यांचं मालक, जरा वाकल्यात. ह्या शेवंताबाई, ह्यांच्याफुडं काशीबाईचं नाव काढू नका." एकदा शाळेची मुलं घेऊन बाई आल्या होत्या. शेठनं सगळ्या पोरांना ओळीनं रामराम घालायला लावला, काशीबाईंपासून सुरुवात करून. पोरं खिदळत आत गेली आणि बाहेर येताना एकही बोलत नव्हतं. पेठेत या खोलीला भुताचं दुकान म्हणतात ते काही उगीच नाही.

सगळ्यात खालच्या फळीवर धरणातली मंडळी. डिंभ्याचं धरण झालं तेव्हा जुनं आंबेगाव आणि आजूबाजूची गावं पाण्याखाली गेली. उठलेल्या लोकांनी जड भांडी कुठं न्यायची म्हणून वाटेत मोडीत घातली, त्यातली काही फिरत फिरत शेठच्या वडिलांकडं आली. या भांड्यांत शेठ पाणी भरून ठेवतात. उन्हाळ्यात ते खाली जातं. शेठ वाकून आत बघतात आणि म्हणतात, "धरान उतरलं, वैनी. आता देवळाचा कळस दिसाया लागला आसंल." मी म्हणते, "उनानं आटलं, शेठ. माझ्या माठातलं बी आटलंय." ते म्हणतात, "तसं म्हना." पण एका वर्षी वळीव नुसता गडगडून गेला, थेंब पडला नाही, आणि सकाळी ती भांडी काठोकाठ भरलेली होती. शेठनं भरली असतील. मी विचारलं नाही, कारण "मी न्हाई भरली" असं म्हणाले असते तर रात्र मला एकटीला काढायची होती.

आता आवाजाचं सांगते, कारण त्यात माझा हात आहे. सकाळी मी गिरणी चालू केली की भिंत हादरते, आणि भिंत हादरली की पलीकडची भांडी बोलायला लागतात. हंडे घुमतात, तांबे कण्हतात, पराती थरथरतात. नवीन गिऱ्हाईक दळणाचा डबा ठेवून पाठ फिरवतं आणि दचकून विचारतं, "काकू, आत कोन रडतंय?" मी म्हणते, "पितळ हाय ते. तुमचं गहू बारीक का जाड, तेवढं सांगा." पलीकडून शेठचं चालू असतं: "शेवंताबाई, सकाळी सकाळी नगं. रखमाजी, दम धरा, ज्वारी हाय आज, लवकर उरकंल." आवाजावरनं ते नाव सांगतात. त्यांचे डोळे झाकून मी परीक्षा घेतलीय, चुकत नाहीत.

गिरणी बंद केली की भांडी एकेक करून गप्प होतात. एक सोडून. सगळं थांबल्यावर भिंतीतून एक बारीक आवाज यायचा. वाटीला नख लागलं की लांब निघतो ना, तसा, आणि मग विरून जायचा. मी एकदा हाक मारून विचारलं, "शेठ, हे कोन वो शेवटी बोलतंय?" सगळ्यांची नावं तोंडपाठ असलेले शेठ नुसतं म्हणाले, "ते आसंच." आणि बाहेर जाऊन बादल्या पुसत बसले.

माझी समजूत अशी होती, की गिरणीमुळं सगळं होतं. एकदा दिवसभर लाईट नव्हती. जातं गार, पट्टा ढिला, मी दळणाचे डबे मांडून बसलेली. पेठेत चिटपाखरू नाही. आणि भिंतीतून तोच आवाज आला. माझ्या हातातली चाळण तशीच राहिली. पलीकडून शेठ नेहमीसारखे बोलले नाहीत, नुसतं "हं, हं" म्हणाले. आपण झोपेत असलेल्या पोराला म्हणतो, तसं. त्या संध्याकाळी मी देवापुढं जादा उदबत्ती लावली. मी भित्री नाही, पण उदबत्ती लावायला काय जातंय.

शेठ कधी चिडत नाहीत. मी त्यांना चिडलेलं बघितलं ते फक्त बारशाच्या गिऱ्हाइकावर. नाव टाकायचं मशीन त्यांच्याकडं आहे, टर्र करत दोन मिनिटांत अक्षर उमटवतात. पण कुणी आजी हौसेनं येऊन म्हणाली, नातवाचं बारसं परवा आहे, वाटी-पेल्यावर नाव टाकून ठेवा, की शेठचा चेहरा बदलायचा. "बारसं झालं का? न्हाई ना? आधी पाळण्यात घाला, आत्याला कानात कुर्र करू द्या, नाव समद्यांना कळू द्या. मंग या. आधी मशीन चालनार न्हाई." बाया तणतणत समोरच्या दुकानात जायच्या. त्यांची बायको कमलभाभी बोलायला लाख माणूस, पण पेठेत कुणाचं बारसं असलं की तिकडं फिरकायची नाही, पुडीतनं खडीसाखर पाठवून द्यायची. मला वाटायचं, मूलबाळ नाही म्हणून येत नसेल. भाभी गेल्या त्यालाही आता काही वर्षं झाली. त्यांच्या नावाचा तांब्या शेठनं फळीवर ठेवला नाही, त्यातून ते पाणी पितात.

एक बबनचा किस्सा सांगितल्याशिवाय शेठ पुरे व्हायचे नाहीत. आण्याकडं या बबननं कृषी पर्यटन काढलंय. पुण्याचे लोक येतात, खाटेवर बसून फोटो काढतात, पिठलं खातात. त्याला शोभेला जुनं घंगाळ पाहिजे होतं. आला, एका घंगाळावरचं नाव वाचलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "शेठ, ही माझी पंजी." त्याचा बाप मला माहीत, त्याची पंजी तर घंगाळावर लिहिलेल्या गावची नव्हेच. मी शेठना डोळा मारून खुणावलं. शेठ म्हणाले, "वळाखली म्हन्तोय ना, मंग वळाखली." आणि घंगाळ पुसून दिलं.

आठ दिवसांत बबन घंगाळ परत घेऊन हजर. डोळे खोल गेलेले. म्हणाला, "जनरेटर लावला की ही बाई कन्हती, शेठ. पावणं मदीच गाडी काढून गेलं. बंद केला तरी कन्हती." शेठनं शांतपणे घंगाळ जागेवर ठेवलं, त्यावरनं हात फिरवला आणि म्हणाले, "परक्याच्या घरात करमलं न्हाई त्यांना. बबनराव, मनाला लावून घिऊ नका." बबन त्यानंतर या रस्त्यानं आला तर दुकानासमोर गाडीचा हॉर्न वाजवत नाही.

असं सगळं मजेत चाललं होतं. या वर्षी होळीच्या सुमाराला शेठचा पुतण्या पुण्याहून आला. पोरगा वाईट नाही. येताना माझ्यासाठीही ढोकळा घेऊन आला. पण वाटणीत दुकानाचा गाळा त्याच्या वडिलांकडं गेलेला होता, आणि आता तो विकायचं ठरलं होतं. "काका, तुम्ही पुण्याला चला. इथं एकटे काय करता? चैत्रातली यात्रा होऊ द्या, दुसऱ्या दिवशी मोडवाला टेम्पो घेऊन येईल. मी बोलून ठेवलंय." शेठ "बरं" म्हणाले. तो गेल्यावर मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी गिरणी बंद करून कान दिला. शेठ हळू आवाजात सगळ्यांना सांगत होते, "घाबरू नका. यात्रंला समदी पाव्हणी येतील. तुमची पोरंबाळं येतील. कुनी बी ऱ्हानार न्हाई."

मग ते माझ्याकडं आले. म्हणाले, "वैनी, यात्रंतनं जी उरतील त्यांना तुमच्या गिरनीत एखादी भिंत मिळंल का?" मी सरळ नाही म्हणाले. "शेठ, भिंतीपलीकडनं कन्हतात तर गिऱ्हाईक घाबरतंय. अलीकडं आली तर दळान कोन टाकंल? लोक म्हनतील हिच्या पिठात भुतं हायेत." शेठनं मान हलवली. "बराबर हाय," म्हणाले. त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

यात्रेला आमच्याकडं सगळं गाव परत येतं. मुंबईचे, पुण्याचे, सुरतेला गेलेले. शेठनं पहाटेच ओट्यावर पांढरी चादर अंथरली, भांडी चिंचेनं घासून लख्ख केलेली, गावाप्रमाणं मांडली आणि मधे ती पाटी ठेवली. आधी लोक लांबूनच बघत होते. मग एक बाई पुढं आली, एका परातीवरचं नाव बोटानं चाचपत वाचलं आणि तिथंच खाली बसली. म्हणाली, "आमची आत्या." झालं. मग रीघ लागली. कुणी चुलत्याचा तांब्या ओळखला, कुणी आईचा हंडा काठाला पडलेल्या पोच्यावरनं ओळखला. ऊन चढलं तशी तापलेली भांडी आपोआप कट-कट वाजायला लागली, आणि शेठ प्रत्येकाला सांगत होते, "बघा, तुमाला बघून बोलाया लागल्या. काशीबाई, जाऊन या. सुखानं नांदा." काशीबाई पिंपळवंडीला गेल्या. शेवंताबाई त्याच गाडीत त्यांच्या शेजारी गेल्या. शेठ म्हणाले, आता वाटेत भांडतील.

दुपारी एक म्हातारा सुनेचा हात धरून आला. दिसायला कमी होतं. धरणाच्या भांड्यांपाशी बसला आणि एकेका तांब्यावरनं बोटं फिरवायला लागला. एका तांब्यावर त्याची बोटं थांबली. त्यानं नाव वाचलं नाही, दिसतच नव्हतं. आतल्या पाण्याचा वास घेतला आणि म्हणाला, "आमच्या घरचा." सून "आबा, नगा, शिळं असंल" म्हणेपर्यंत त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. मिशा पुसून म्हणाला, "आपल्या आडाचं हाय." ते आमच्या नळाचं पाणी होतं, मी स्वतः त्या सकाळी बादली दिली होती. पण म्हाताऱ्याच्या मिशीला बारीक काळा गाळ लागलेला मी बघितला. आमच्या नळाला कधी गाळ येत नाही.

दिवे लागायच्या वेळेला ओटा जवळजवळ मोकळा झाला. धरणातली काही भांडी आणि बबनचं घंगाळ, एवढंच उरलं. त्यांचं माणूस आलंच नाही. तमाशाच्या पालात ढोलकीवर थाप पडली होती, सगळं गाव तिकडं गेलं होतं. शेठ उरलेल्यांसमोर मांडी घालून बसले होते. सकाळी टेम्पो येणार होता. माझ्याच्यानं बघवेना. मी म्हणाले, "उचला शेठ. आना माझ्याकडं. गिऱ्हाईक गेलं तर गेलं, म्या बघून घेईन." पेन्सिल या कानावरनं त्या कानावर गेली, आणि आम्ही दोघं भांडी वाहायला लागलो.

ओटा रिकामा झाल्यावर आत काही राहिलं का बघायला मी मागच्या खोलीत गेले. फळ्या रिकाम्या, भिंती उघड्या. गिरणी सकाळपासून बंद होती. तरीही तो आवाज आला. माझ्या अगदी कानाजवळ. आमच्या मधल्या भिंतीवर शेठचं कॅलेंडर टांगलेलं असतं, दर वर्षी त्याच खिळ्याला नवं. आवाज कॅलेंडरच्या मागून येत होता. मी कॅलेंडर बाजूला केलं. मागं लहानसा कोनाडा होता आणि त्यात एक पितळी पेला. आपण तान्ह्या मुलाला पाणी पाजायला घेतो तेवढाच. आत धुळीचा कण नाही. काठाखाली कोरलं होतं, "चि." पुढं काही नव्हतं. पुढची जागा नुसतीच घासून घासून गुळगुळीत झाली होती.

मागं शेठ उभे होते. मला वाटलं चिडतील. ते दाराला टेकून खाली बसले.

"लगीनसराई व्हती, वैनी," ते म्हणाले. "हाताला उसंत न्हाई. म्हनलं, उद्या पोरीचं बारसं, नावाआधीचं तेवढं आत्ताच टाकून ठिवू. चि. टाकलं. नाव फक्त तुमच्या भाभीला न् माझ्या बहिनीला ठावं. आत्यानं कानात सांगायच्या आधी बापाला बी सांगायचं न्हाई, अशी दोघींची गंमत. म्हनलं, उद्या नाव कळंल, तवा पुढं टाकीन. रातच्याला ताप भरला. सकाळी पाळना बांधलेला तसाच व्हता."

बाहेर ढोलकी वाजत होती.

"हिला नाव इचारायची माझी छाती झाली न्हाई. हिनं सांगितलं न्हाई. बहीन गेली, मंग ही गेली. आता त्या पोरीचं नाव सांगनारं कुनी न्हाई. त्याच आठवड्यात बाबांनी मोड चेपाया दिली, पहिल्याच तांब्यावर चिरंजीव लिवलेलं. हातोडा खाली ठिवला." त्यांनी पेल्याकडं बघितलं. "जगाला सांगतो नाव हाय म्हंजे माणूस हाय. हिला नावच न्हाई. मंग हिला काय म्हनू? कुठल्या फळीवर ठिवू?"

माझा स्वभाव तसा कोरडा आहे, लोक म्हणतात. पण मला त्यांचा रागच आला. इतकी वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या पणज्यांना रामराम घालत होता आणि पोटची पोर भिंतीत ठेवून तिला नुसतं "हं" म्हणत होता. मी म्हणाले, "शेठ, पाटी तुमचीच हाय. वळाखल्यास मिळतील. हिला मी वळाखते. रोज सकाळी माझी गिरनी थांबली की ही बोलती. नाव नसंल, पर वाजती ना? मंग माणूस हाय. द्या इकडं."

आणि काय माझ्या अंगात आलं देव जाणे, मी खाली बसले, पेला पदरात घेतला आणि त्याच्या काठाला तोंड लावून आत म्हणाले, "कुर्रर्र." मग नाव सांगितलं. आतून माझाच आवाज उलटून माझ्या कानात आला, पण बारीक होऊन, लहान होऊन.

आत्यानं कानात नाव सांगितलं की बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आपली रीत. शेठनं इतक्या वर्षांत मला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. ते उठले, माझ्या मागं आले आणि माझ्या पाठीत एक धपका घातला. मग दुसरा. मग तिथंच माझ्या पाठीवर हात ठेवून ते रडायला लागले. पेठेत कुणी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, भाभी गेल्या तेव्हासुद्धा नाही.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "सांगा, काय टाकू?" मी सांगितलं. त्यांनी मशीन लावलं, आणि यात्रेच्या त्या सगळ्या गोंगाटात पेठेत टर्र आवाज ऐकू येत राहिला.

पुतण्याचा टेम्पो सकाळी रिकामाच परत गेला. शेठ पुण्याला गेले नाहीत. "इथं जवळच खोली घेतो," म्हणाले. गाळ्यात आता मोबाईलचं दुकान आहे. गिऱ्हाईक काही पळालं नाही, उलट आण्याहूनसुद्धा बाया दळण घेऊन येतात, आणि पीठ पडेपर्यंत माझ्या फळीवरच्या भांड्यांकडं टक लावून बघत बसतात.

रोज सकाळी माझ्या गिरणीचं शटर आता शेठ वाजवतात. मी आत असले तरी वाजवतात. "आत कोण कोण हाय, सावरून बसा." मग आत येऊन पोत्यावर बसतात. मी गिरणी चालू करते, घंगाळ कण्हतं, धरणातली मंडळी घुमतात, आणि दळण संपलं की मी पट्टा थांबवते. सगळे गप्प होतात. मग तो बारीक आवाज येतो. शेठ आता "हं" म्हणत नाहीत. वर फळीकडं बघून म्हणतात, "चि. चैताली, उठलीस का?"